सीट मुरवणारा एवारिस्तो

आमच्या सायकलच्या दुकानात शेगडीला लागून एक वेताची खुर्ची आहे. गावातला जो येतो तो आधी त्या खुर्चीत बूड टेकतो आणि मग काम सांगतो. एवारिस्तो मात्र हिवाळ्यात त्या खुर्चीत कधी बसला नाही. टेबलाला रेलून उभा राहायचा, उभ्यानेच वाइनचा पेला रिकामा करायचा आणि निघून जायचा. बारमध्ये पत्ते उभ्याने, घरी सूप उभ्याने, चर्चमध्ये अख्खं प्रवचन उभ्याने. नवे पाद्रीबाबा आले तेव्हा त्यांना वाटलं, काय भाविक माणूस आहे! मग कुणीतरी त्यांना खरं कारण सांगितलं, आणि पुढचे कितीतरी रविवार एवारिस्तोकडे नजर गेली की त्यांना हसू आवरेना.

खरं कारण असं, की एवारिस्तो सायकलच्या सीटा मुरवायचा. स्वतःच्या नव्हे, दुसऱ्यांच्या.

चामड्याची नवी सीट ही लाकडी पाटासारखी असते. नवा बूट पायाला चावतो तशी ती चावते, फक्त जिथे चावते ती जागा चारचौघांत दाखवता येत नाही. माणसाच्या वजनाने, घामाने आणि रस्त्याच्या धक्क्यांनी चामडं हळूहळू बसतं. बसणाऱ्याच्या दोन हाडांखाली दोन खळगे पडतात, आणि मग तीच सीट अशी मऊ होते की दिवसभर चालवली तरी तिची आठवण होत नाही. पण त्याला अख्खा हिवाळा जातो. शर्यतीत उतरणाऱ्या पोरांना एवढा वेळ कुठला? आणि मांड्या सोलवटून घेऊन ती घाट काय चढणार? म्हणून पो नदीच्या काठच्या आमच्या गावांत प्रत्येक सायकलवाल्याचा एक माणूस ठरलेला असायचा. बेताच्या अंगाचा, अरुंद हाडाचा, रोज भरपूर सायकल चालवणारा. संत मार्तीनच्या सणाला, नोव्हेंबरात, नवी सीट त्याच्या सायकलवर चढायची, आणि मार्चात संत योसेफाच्या सणाला मऊ होऊन उतरायची. आमच्या दुकानाचा माणूस एवारिस्तो.

दुकान माझ्या धाकट्या भावाचं, चेल्सोचं. मी इरिदे. माझा नवरा रशियाच्या बर्फातून परत आला नाही, तेव्हापासून मी या दुकानात बसून चाकांत स्पोक ओवते आणि डुगडुगणाऱ्या चाकांचा आउट काढते. चेल्सो म्हणतो, माझी जीभ आणि माझी चाकं दोन्ही सरळ. यातलं एक तो कौतुकाने म्हणतो.

एवारिस्तो नदीच्या बांधाचा राखणदार होता. सकाळी गावातून निघायचं, बांधाच्या माथ्यावरून वरच्या पंपघरापर्यंत जायचं, आणि दुपारी त्याच वाटेने परत यायचं. जाता-येता बांधाच्या शेताकडच्या उतारावर नजर ठेवायची. कुठे साळिंदराने बीळ केलंय, कुठे पाणी पाझरतंय, ते त्या बाजूलाच दिसतं. सकाळच्या उन्हात जे दिसत नाही ते दुपारच्या उन्हात दिसतं, म्हणून दोनदा. जाताना उतार डाव्या हाताला, येताना उजव्या. जाताना तो डावीकडे कलायचा, येताना उजवीकडे, आणि सीट दोन्ही अंगांनी सारखी बसायची. चेल्सो म्हणायचा, "असा माणूस शोधून सापडणार नाही. देवाने बांध बांधला तोच माझ्या सीटांसाठी." बांध आमच्या आज्यांनी टोपल्यांनी माती वाहून बांधला होता, पण चेल्सोला कोण सांगणार.

शिवाय शर्यतीतला माणूस वाकून बसतो. त्यामुळे एवारिस्तोलाही वाकून बसावं लागे. चेल्सोने त्याचं हँडल पार खाली आणून ठेवलं होतं. डोक्यावर लोकरीची टोपी, पाठीवर फावडं, खिशात मक्याच्या पिठाच्या पोलेंताचा गार तुकडा, आणि बसलाय असा की जणू पुढच्या वळणावर मिलान येणार आहे आणि शर्यत संपणार आहे. बांधाखाली कपडे धुणाऱ्या बायका ओरडायच्या, "एवारिस्तो, दम धर, पहिलाच आहेस तू!" तो हात वर करून मुजरा करायचा. तरुणपणी त्यालाही शर्यतीत उतरायचं होतं. उतरलाही होता, पण दर वेळी तो पोचेपर्यंत लोक बाकडी उचलून घरी गेलेले असायचे. मग त्याने हे पत्करलं. रेडिओवर डोलोमाइटच्या घाटांचं वर्णन लागलं आणि त्यात आमच्या दुकानाच्या एखाद्या पोराचं नाव आलं, की बारमधला हा उभा माणूस छाती फुगवून म्हणायचा, "चढतोय तो, पण बसलाय कुणाच्या मेहनतीवर?"

शनिवारी तो सायकल घेऊन दुकानात यायचा. चेल्सो सीटवरून अंगठा फिरवायचा, सीटच्या पुढच्या टोकाच्या, नाकाच्या, खालचा नट पान्याने किंचित आवळायचा, नाक केसभर खाली नाहीतर वर करायचा, आणि खालच्या अंगाला बोटाने चरबी चोळायचा. थोडीशीच. चरबी जास्त झाली की चामड्याची झोळी होते. एवारिस्तो मान वाकडी करून बघत राहायचा. बाप आजारी पोराला डॉक्टरसमोर धरून उभा राहतो तसा.

त्याला हवं होतं एकच. मुरलेली एक सीट, स्वतःची, कायमची. हे त्याने कधी मोठ्याने मागितलं नाही, पण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मार्चात त्याची सीट मऊ झालेली असायची, बांधावर गवत फुटलेलं असायचं, आणि आता कुठे बसायला सुख लागणार तेवढ्यात चेल्सो पाना घेऊन यायचा. "या वर्षी ही जाऊ दे एवारिस्तो. मोठं पोर आहे, नाव काढेल. पुढच्या वर्षीची तुझी." उन्हाळ्यात त्याच्या सायकलवर एक जुनी, स्प्रिंगा मोडलेली सीट चढायची, आणि संत मार्तीनला पुन्हा नवा पाट. पुढचं वर्ष यायचं आणि पुढचं पोरही यायचं. चेल्सो खोटं बोलायचा असं नाही. बोलताना त्याला ते खरंच वाटायचं, आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

त्याची बायको आर्जिया नदीवर माझ्याच शेजारी कपडे धुवायची. ती एकदा म्हणाली, "इरिदे, तुझ्या भावाला सांग, माझ्या नवऱ्याला बूड आहे, ते काही दुकानाचं हत्यार नाही. हिवाळाभर पालथा झोपतो ग तो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नोव्हेंबर ते मार्च मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही."

मी चेल्सोला सांगितलं. चेल्सो म्हणाला, "त्याला आवडतं ते."

तेही खोटं म्हणता येत नव्हतं.

पण ज्या हिवाळ्याची ही गोष्ट आहे, त्या हिवाळ्यात एवारिस्तो थकलेला होता. साठीकडे झुकला होता. कंबर धरायची. बांधावर त्या वर्षी वारा असा, की सायकल ढकलत न्यावी लागे, आणि वारा पडला की धुकं. एकदा मी त्याला दुकानाबाहेर पाहिलं. सायकलला टेकून उभा होता, आत येत नव्हता. मी दार उघडून म्हटलं, "आत ये, की तिथेच गोठायचा विचार आहे?"

"येतो. जरा थांबलोय."

"दमलास?"

"दमणं वेगळं, इरिदे. दमलेला माणूस झोपून उठतो. मी झोपून उठतो आणि तसाच असतो." मग इकडे तिकडे बघून म्हणाला, "चेल्सोला बोलू नकोस. या वर्षी तो नक्की देणार आहे म्हणालाय."

त्यानंतर तो शनिवारी यायचा बंद झाला. धुकं फार, वाट दिसत नाही, असा निरोप यायचा. चेल्सोने त्याला पाना आणि चरबीची डबी घरीच पाठवून दिली. "इतकी वर्षं बघतोय, नट फिरवायला त्याला मी कशाला हवा?"

संत योसेफाचा सण उजाडला. त्या दिवशी आमच्याकडे शर्यतीची सगळी पोरं जमतात. मी आत तांदळाचे गोड गोळे तळत होते आणि बाहेर वाइनच्या बाटल्यांची बुचं उडत होती. एवारिस्तो सीट घेऊन आला. मधासारखा रंग आलेला, चकाकणारी, अंगठ्याखाली दबणारी. चेल्सोने ती सगळ्यांना दाखवली. मी कढईजवळून ऐकत होते. मला वाटलं, आता म्हणेल, ही एवारिस्तोची. पण गिरणीवाल्या बेर्सेल्लीचा नेवियो पुढे आला. त्या पोराने मागच्या हंगामात दोन शर्यती मारल्या होत्या, आणि सायकल कारखान्याच्या संघातला एक माणूस त्याला बघायला येणार होता. चेल्सोने सीट हातात घेऊन दोघांकडे बघितलं.

एवारिस्तो स्वतःच म्हणाला, "दे त्याला. पुढच्या वर्षी बघू."

गोळे घेऊन मी बाहेर आले तर तो निघून गेलेला. त्याच्या वाटचे गोळे मी आर्जियाकडे पाठवले. ती ताटली तिने न धुता परत पाठवली.

पहिली शर्यत झाल्यावर सोमवारी नेवियो दुकानात आला. लंगडत आला आणि सीट टेबलावर आपटली.

"उस्ताद, हे काय दिलंत मला? एका बाजूला घसरतोय मी! डावी मांडी सोलून निघाली. तो कारखान्याचा माणूस विचारत होता, हा पोरगा नाचतोय का सायकल चालवतोय!"

"तुझी बसण्याची रीत चुकत असेल," चेल्सो म्हणाला.

मी हातातला एक सरळ स्पोक घेतला आणि सीटवर आडवा ठेवला. डाव्या बाजूला त्याच्याखाली बोट जाईल एवढी फट, उजव्या बाजूला काहीच नाही. चाकाचा आउट ज्या डोळ्यांना दिसतो त्यांना हे दिसायला वेळ लागत नाही. चेल्सोने खाली वाकून स्पोकच्या पातळीला डोळा आणला.

"एवारिस्तो डावीकडेच बसलाय," तो हळूच म्हणाला. "जातो डावीकडे बघत. आणि येताना..."

"येताना बघतच नाही!" नेवियो ओरडला. "म्हणजे बांधावरून परत येतच नाही तो. वरच्या पंपघराच्या व्हरांड्यात पडून राहत असेल, नाहीतर शेतातून पळ काढत असेल. आणि आपण इकडे बांधाखाली बिनघोर झोपतोय! पूर विसरलात तुम्ही? माझ्या आजोबांची गिरणी गेली त्यात. मी जाऊन सांगतो पंपघराच्या साहेबांना."

"तू आधी बस," मी म्हटलं.

"बसता येत नाही मला, मावशी!"

एरवी मी हसले असते. त्या दिवशी हसले नाही. आमच्याकडे माणूस चोर निघाला तर चालतं, दारुडा निघाला तर चालतं. बांधावर झोपलेला राखणदार चालत नाही. पुराच्या वर्षी आम्ही छपरांवर बसून रात्री काढल्या आहेत. एवारिस्तोने सीट वाकडी केली याचं मला काही वाटलं नव्हतं. पण त्याने आमच्याकडे पाठ फिरवली असेल तर आर्जियाला या गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

चेल्सोने निरोप धाडला. एवारिस्तो दुपारी परतताना आला. नेहमीप्रमाणे टेबलाला टेकून उभा राहिला. चेल्सोने सीट पुढे केली आणि स्पोक आडवा ठेवला. एवारिस्तोने पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. त्याने टोपी काढली.

"तू परत कुठून येतोस?" चेल्सोने विचारलं.

"शेताकडच्या, बांधाखालच्या वाटेने."

"बघा!" नेवियो म्हणाला. "स्वतःच्या तोंडाने सांगतोय."

"तू गप रे," चेल्सो म्हणाला. "कधीपासून?"

"नाताळ झाला तेव्हापासून. वरती वारा सोसत नाही मला. जाताना पाठीशी असतो, कसाबसा जातो. येताना तोंडावर घेववत नाही. खालच्या वाटेला बांधाचाच आडोसा असतो." तो माझ्याकडे बघून बोलत होता, चेल्सोकडे नाही. "पण बघतो मी. शपथेवर सांगतो. पायथ्यापासून वर उतार बघत येतो. धुक्यात तर खालूनच नीट दिसतो. फेब्रुवारीत दोन बिळं बुजवली ती खालूनच दिसलेली."

मग मीच म्हटलं, "म्हणजे खालच्या वाटेने येताना बांध तुझ्या कुठल्या हाताला?"

त्याने हात वर केला. डावा. मग स्वतःच्याच हाताकडे बघत राहिला.

जातानाही डावीकडे, येतानाही डावीकडे. बांध तो नीट बघत होता. सीटचं तेवढं विसरला होता. इतकी वर्षं पाटावर बसून दोन्ही अंगं सारखी राखणारा माणूस, त्याला एवढं साधं सुचलं नाही, इतका तो थकला होता. मी शेगडीत लाकूड सारायला उठले. शेगडीला लाकडाची गरज नव्हती.

"मग माझ्या सीटचं काय?" नेवियो म्हणाला. आवाज उतरला होता, पण प्रश्न होताच.

चेल्सोने प्रयत्न केला. सीटचा उंच राहिलेला भाग ओल्या फडक्याने भिजवला, नट आवळला, खालून पोटाला लाकूड लावून वरून लाकडी हातोडीने ठोकत राहिला. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर पुन्हा स्पोक ठेवला. फट तेवढीच. चामडं एकदा बसलं की बसलं, हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं. तरी दिवस घालवला बिचाऱ्याने.

नेवियो हंगाम बुडाला म्हणून कपाळाला हात लावून बसला. मी म्हटलं, "फळीवर नवी सीट आहे. घेऊन जा आणि स्वतः मुरव. बूड तर तुझं स्वतःचंच आहे ना, की तेही गिरणीतून आणलंस?" तो माझ्याकडे असा बघत राहिला, की जणू असं काही करता येतं हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. शेवटी घेऊन गेला.

मग चेल्सोने ती वाकडी सीट एवारिस्तोच्या सायकलवर चढवली. एवारिस्तो बघत होता. राग त्याला सहसा यायचा नाही, पण त्या दिवशी आला.

"आता ही कुणाला नको, म्हणून माझी?"

चेल्सोच्या हातातला पाना थांबला. "हो," तो म्हणाला. "खरं तेच आहे. नको असेल तर शेगडीत टाकतो."

"चांगल्या सीटा किती दिल्या मी तुला. एक तरी सरळ द्यायची होतीस."

"द्यायची होती," चेल्सो म्हणाला.

एवारिस्तोने सीटवरून एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाला, "संत मार्तीनला नवी आणशील तेव्हा..."

"नवी नाही आणणार. पुरे आता." आणि चेल्सोने पाना फिरवून ते खाली वाकवलेलं हँडल सैल केलं, आणि इतकं वर ओढलं की सायकल पाद्रीबाबांच्या सायकलसारखी दिसायला लागली. एवारिस्तो सायकल हाताने ढकलत घरी गेला. बसून नाही गेला. मी दारातून बघत होते. माणसाला आयुष्यभर हवी असलेली वस्तू मिळाली होती आणि तो ती मेलेल्या जनावरासारखी ओढत नेत होता. चेल्सोशी मी दोन दिवस बोलले नाही.

त्यानंतरच्या दुपारी एवारिस्तो दुकानात आला. पाऊस होता, टोपीतून पाणी गळत होतं. बांधावरून वर गेला होता, खालच्या वाटेने आला होता. चेल्सोने पटकन पाना उचलला. "काय झालं? नाक वर आहे का? खाली घेऊ?"

"नको, हात लावू नकोस."

"दुखतंय?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. काहीतरी आठवत असल्यासारखा उभा राहिला. "वर पंपघरापर्यंत गेलो आणि परत आलो," तो म्हणाला. "दोन्ही वेळा डावीकडे बघत. कुठेच काही दुखलं नाही, चेल्सो. मला वाटेत कळेचना, काय राहिलंय म्हणून. दोनदा उतरून बघितलं, सीट पडली तर नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. घरी जायला अजून वेळ आहे. आर्जिया सूप उशिरा करते."

त्याने ओली टोपी शेगडीवरच्या तारेला अडकवली. शेगडीजवळची वेताची खुर्ची त्याने पायाने जरा ओढली, तिच्याकडे एकदा बघितलं आणि तिच्यात बसला. पाठ टेकली, पाय लांब केले. चेल्सो काहीतरी बोलणार होता, मी त्याला हाताने गप केलं. थोड्या वेळाने एवारिस्तोची मान एका बाजूला कलली. डावीकडेच कलली. मी हातातलं चाक हळूच खाली ठेवलं, कारण स्पोक ओवताना आवाज होतो.